टॉर्पेडो, खडू आणि खलाशी

एक गणित घालतो. घाबरू नका, दहावीच्या पुस्तकापलीकडचं त्यात काही नाही.

एक मालवाहू जहाज ८ नॉट वेगाने सरळ चाललंय. (एक नॉट म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर.) त्याच्या वाटेपासून एक किलोमीटरवर तुम्ही पाणबुडी घेऊन दबा धरून बसला आहात, तोंड बरोब्बर त्या वाटेशी काटकोनात. तुमचा टॉर्पेडो ३० नॉटने धावतो. तो किलोमीटर कापायला त्याला ६५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात जहाज २७० मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या साधारण दुप्पट. आता नेम कुठे धरायचा?

जहाजावर धरलात तर टॉर्पेडो पोचेल तेव्हा तिथे नुसत्या लाटा. नेम धरायचा तो मोकळ्या पाण्यावर, जिथे जहाज अजून आलेलंच नाही. वाट काटकोनात असली तर हिशोब एका ओळीचा आहे: ८ भागिले ३०, आणि ज्या कोनाचा टॅन तेवढा येतो तो कोन. उत्तर १५ अंश. समोरच्या दिशेपासून पेरिस्कोप १५ अंश वळवायचा, जहाज ज्या बाजूने येतंय त्या बाजूला, आणि गप्प बसायचं. जहाजाचा मधला भाग काचेतल्या उभ्या रेघेवर आला की सोडायचा. गंमत बघा, या हिशोबात अंतर कुठेच आलं नाही. जहाज पाचशे मीटरवर असो की दीड हजारावर, कोन तोच.

हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही. शिकवलं 'सायलेंट हंटर ३' या कॉम्प्युटरवरच्या खेळाने. हा २००५ चा, यूबिसॉफ्टच्या बुखारेस्टमधल्या मंडळींनी बनवलेला खेळ. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे तुम्ही कप्तान, आणि समोर अटलांटिक महासागर. नेमाचं काम खेळावरच सोपवायची सोय आहे, पण ती बंद करून सगळं हाताने करायला लागलात की खरी मजा (आणि खरा इतिहास) सुरू होतो. मग हातात उरतं एक घड्याळ, जहाजांच्या आकृत्यांचं एक पुस्तक आणि पेरिस्कोपमधून दिसणारं धूसर काहीतरी.

खऱ्या कप्तानाकडेही याहून फार काही नव्हतं. समोरच्या जहाजाची दिशा दिसायची, बाकी तीन गोष्टी अंदाजाच्या: अंतर, वेग, आणि ते जहाज आपल्याकडे किती तिरकं तोंड करून चाललंय तो कोन. अंतर डोलकाठीच्या उंचीवरून काढायचं, पण त्यासाठी जहाज कोणत्या जातीचं ते ओळखायला हवं. वेगासाठी एक साधी युक्ती. पेरिस्कोप स्थिर धरायचा, जहाजाची नाळ उभ्या रेघेला लागली की घड्याळ सुरू, शेपूट सुटलं की बंद. १३० मीटरचं जहाज ३२ सेकंदांत रेघ ओलांडून गेलं, तर वेग ८ नॉट. राहिला तिरकेपणाचा कोन. तो मात्र निव्वळ नजरेचा भाग. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, इंग्रजांनी जहाजांवर झेब्र्यासारखे विचित्र पट्टे रंगवायला सुरुवात केली. चित्रकार नॉर्मन विल्किन्सनची कल्पना. पुष्कळांना वाटतं ते जहाज लपवण्यासाठी होते. तसं नाही. एवढं मोठं धूड लपणार कुठे? ते पट्टे होते हा कोन चुकवण्यासाठी, म्हणजे बघणाऱ्याला नाळ कोणती आणि शेपूट कोणतं याचाच घोळ व्हावा म्हणून.

हे तीन अंदाज आणि दिशा एका यांत्रिक गणकात भरायची. मग तो टॉर्पेडोच्या पोटातल्या जायरोस्कोपला सांगायचा, नळीतून बाहेर पडल्यावर इतके अंश वळ. अमेरिकनांचं यंत्र आणखी पुढचं होतं. ते जहाजाच्या बदलत्या जागेचा हिशोब स्वतःच चालू ठेवायचं. पण आत घातलेला अंदाज चुकीचा असेल तर यंत्र काय करणार? ते चुकीचं उत्तर बिनचूक काढून देतं.

माझ्या एका मावसभावाने (तो हा ब्लॉग वाचतो, नमस्कार!) यावर रास्त प्रश्न विचारला: अंतर लागतच नाही तर हे कप्तान जीव धोक्यात घालून इतके जवळ का जायचे? लांबूनच सोडायचा की.

त्याचं उत्तर अंदाजाच्या चुकीत आहे. समजा तुम्ही ८ नॉट धरले आणि जहाज खरं १० नॉटने चाललं होतं. वरवर बघता दोन नॉटची किरकोळ चूक. पण एक किलोमीटरवर, त्या ६५ सेकंदांत, जहाज तुमच्या हिशोबापेक्षा ६७ मीटर पुढे गेलेलं असतं. १३० मीटरच्या जहाजाच्या मध्यावर नेम धरला असेल तर टॉर्पेडो शेपटीच्या मागून केसभर अंतराने निघून जातो. तीच चूक पाचशे मीटरवर फक्त ३३ मीटरची, म्हणजे लागलाच. चूक अंतराबरोबर वाढत जाते, आणि अंदाजात चूक असणारच. म्हणून जवळ.

आता ऑटो क्रेचमर या माणसाकडे येऊ. यू-९९ चा कप्तान, आणि बुडवलेल्या टनांच्या हिशोबात त्या युद्धातला जर्मनांचा पहिल्या क्रमांकाचा पाणबुडीवाला. वरिष्ठांची शिकवण अशी, की जहाजांच्या तांड्याच्या बाहेर राहावं आणि पंख्यासारखे तीन-चार टॉर्पेडो एकदम सोडावेत, एखादा तरी लागेल. क्रेचमरला हे उधळपट्टीचं वाटे. त्याचं म्हणणं, एक टॉर्पेडो, एक जहाज. आणि ते साधायला तो रात्रीच्या अंधारात, पाण्याखालून नव्हे तर पाण्यावरून, संरक्षक जहाजांच्या फटीतून थेट तांड्यात शिरायचा. तांडा म्हणजे जहाजांच्या समांतर रांगा, दोन रांगांत अर्धा ते एक किलोमीटर अंतर. त्या रांगांमध्ये हा माणूस त्यांच्यातलाच एक होऊन चालायचा आणि चारपाचशे मीटरवरून एकेक टिपायचा.

ऐकायला वेडेपणा वाटतो, पण आकडे बघा. त्या जातीची पाणबुडी पाण्याखाली जेमतेम साडेसात नॉटने जायची, तेही बॅटऱ्या संपेपर्यंत तास-दीड तास. पाण्यावर तीच १७ नॉट. तांड्याची राखण करणाऱ्या इंग्रजांच्या छोट्या कॉर्व्हेट १६ नॉटच्या! म्हणजे चोर पहारेकऱ्यापेक्षा वेगवान. शिवाय पहारेकऱ्याचं सगळं लक्ष ॲस्डिक यंत्रावर, जे पाण्याखालच्या वस्तूवर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकतं. पाण्यावर तरंगणाऱ्या बुटक्या काळ्या सावलीपुढे त्याचा फारसा उपयोग नव्हता. ऑक्टोबर १९४० मध्ये एससी-७ नावाच्या ३५ जहाजांच्या तांड्यातली २० जहाजं बुडाली. त्या हल्ल्यात क्रेचमर होता.

अर्थात नेम बरोबर म्हणजे जहाज बुडालं असं नाही. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेच्या एका फ्योर्डमध्ये गुंथर प्रीन या नामांकित कप्तानासमोर इंग्रजांची जहाजं नांगर टाकून उभी होती. वेग शून्य, म्हणजे गणितच नाही. त्याने टॉर्पेडो सोडले आणि काहीही झालं नाही. खोटी बंदूक देऊन लढायला पाठवू नका, अशा अर्थाचं तो परत येऊन वरिष्ठांना बोलला. टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा खालून जात होते, आणि जहाजाच्या चुंबकत्वाने उडणारा चाप भलत्याच वेळी उडत होता किंवा उडतच नव्हता. खोलीच्या दोषाचं मूळ सापडायला १९४२ उजाडलं.

अमेरिकनांची कथा तर याहून कडू. २४ जुलै १९४३ ला टिनोसा या पाणबुडीने पॅसिफिकमध्ये तोनान मारू ३ हे प्रचंड जपानी तेलवाहू जहाज गाठलं. सुरुवातीच्या दोन टॉर्पेडोंनी ते जागीच थांबलं. मग कप्तान डॅस्पिटने सावकाश, परीक्षेत आकृती काढावी तसा, काटकोन साधून एकेक टॉर्पेडो सोडला. एकूण १५. ते जाऊन आपटत होते, आणि फुटत नव्हते. शेवटचा एक त्याने सोडलाच नाही, तपासणीसाठी परत नेला. पुढे हवाईत टॉर्पेडो कड्यांवर आपटून, उंचावरून खाली टाकून पाहिलं तेव्हा कळलं, की टॉर्पेडो बरोबर काटकोनात आपटला की त्या धक्क्यानेच स्फोटाचा खटका वाकतो. तिरका लागला तर चालतो. म्हणजे ज्याचा नेम पुस्तकाप्रमाणे अचूक, त्याचाच टॉर्पेडो वाया. (२००७ च्या 'सायलेंट हंटर ४' मध्ये हे फुसके टॉर्पेडो चालू ठेवायची सोय आहे. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी बंद ठेवावी.)

इथवर सगळं पेरिस्कोपच्या या टोकाचं झालं. खेळात त्या टोकाचा हिशोब टनांत होतो. जहाज बुडालं की वहीत आकडा चढतो, पाच हजार टन, सात हजार टन.

सिटी ऑफ बनारस हे ११ हजार टनांचं प्रवासी जहाज. १९३६ साली बांधलेलं आणि युद्धापूर्वी लिव्हरपूल ते मुंबई अशा फेऱ्या करणारं. सप्टेंबर १९४० मध्ये ते कॅनडाला निघालं. जहाजावर ९० मुलं होती, बॉम्बहल्ल्यांपासून दूर सुरक्षित ठिकाणी पाठवलेली, आणि खलाशांत बहुतेक हिंदी. १७ सप्टेंबरला संरक्षक जहाजं दुसऱ्या तांड्याला आणायला निघून गेली. मध्यरात्रीच्या सुमारास, वादळी हवेत, यू-४८ ने दोन टॉर्पेडो सोडले. दोन्ही चुकले. काही मिनिटांनी तिसरा सोडला. तो लागला.

त्या ९० मुलांपैकी ७७ गेली. एकूण मृत सुमारे अडीचशे. त्यांत शंभरच्या आसपास हिंदी खलाशी, बरेचसे नावांमध्ये बसून थंडीने गारठून गेलेले. मुलांबद्दल इंग्लंडात पुस्तकं झाली, स्मारकं झाली, आणि व्हायलाच हवी होती. खलाशांबद्दल फार कमी.

आमच्या कोकणात बोटीवर जाणं ही नवलाई नाही. मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रजी जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत, जेवणघरात गोव्याचे लोक. सारंग, टंडेल, भंडारी ही हुद्द्यांची नावं तिथे इंग्रज अधिकाऱ्यांच्याही तोंडी होती. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी. युद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, इंग्लंडच्या बंदरांत या लोकांनी संप केले, काही जण त्यापायी तुरुंगातही गेले, आणि मग पगार थोडे वाढले. टॉर्पेडोला अर्थात गोरा-काळा कळत नाही. त्या युद्धात सहा हजारांहून जास्त हिंदी खलाशी मेले. मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे, तिथे पहिल्या महायुद्धातल्या खलाशांचं स्मारक आहे. मुंबईतल्या किती जणांनी ते पाहिलंय, कोण जाणे.

तर मंडळी, आता दुसरा खेळ. आणि मला विचाराल तर या सगळ्या हकिकतीतला सर्वांत सुरस.

जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूलच्या डर्बी हाऊस या इमारतीत गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाचा नौदल अधिकारी येऊन बसला. क्षयामुळे १९३८ मध्ये त्याला नौदलाने निवृत्त केलं होतं. काम दिलं ते असं: पाणबुड्या तांड्यावर हल्ला नेमका कसा करतात ते शोधा आणि उपाय सांगा. हाताखाली दिल्या नौदलाच्या महिला दलातल्या काही मुली, बहुतेक विशीच्या आसपासच्या. जीन लेडलॉ, जॅनेट ओकेल ही त्यांतली दोन नावं. यातल्या कुणीही समुद्रावर लढाई पाहिलेली नव्हती.

त्यांनी जमिनीवर चौकटी आखल्या, लाकडी जहाजं मांडली आणि खडूने वाटा काढायला सुरुवात केली. संरक्षक जहाजाचा कप्तान झालेल्याने कापडी पडद्याआड उभं राहायचं आणि एका भोकातून फक्त तेवढंच बघायचं, जेवढं रात्री समुद्रावर खरोखर दिसलं असतं. पाणबुडीची वाट अशा रंगाच्या खडूने, की भोकातून ती दिसू नये. प्रत्येक चालीला दोन मिनिटं. खऱ्या लढाईतही दोन मिनिटांत फार काही विचार करता येत नाही.

बहुतेक अधिकाऱ्यांची तोवर समजूत होती, की पाणबुडी तांड्याच्या बाहेरून टॉर्पेडो सोडते. त्यामुळे जहाज उडालं की संरक्षक जहाजं बाहेरच्या बाजूला धावायची, आकाशात प्रकाशगोळे सोडायची आणि अंधार विंचरायची. डिसेंबर १९४१ मध्ये एचजी-७६ या तांड्याच्या वेळी कमांडर वॉकरने अशीच 'बटरकप' नावाची चाल वापरली होती, आणि त्याच्या गटाने पाणबुड्या बुडवल्याही होत्या. रॉबर्ट्स आणि मुलींनी तीच लढाई जमिनीवर पुन्हा मांडली. तांड्याच्या आतल्या भागातलं एक जहाज बुडालेलं होतं. बाहेरून सोडलेला टॉर्पेडो तिथपर्यंत कसा पोचला, हे काही केल्या जुळेना. मग एकीने पाणबुडी व्हायचं ठरवलं आणि तिला मागच्या बाजूने, पाण्यावरून, रांगांच्या आत आणलं. सगळं जुळलं. आणि कामगिरी झाल्यावर ती पाणबुडी काय करते? तिथेच बुडी मारते आणि तांडा डोक्यावरून पुढे निघून जाईपर्यंत थांबते. संरक्षक जहाजं तेव्हा भलत्याच दिशेला दूर गेलेली.

क्रेचमर मार्च १९४१ मध्ये एचएक्स-११२ तांड्यात शिरून बाहेर पडताना पकडला गेला होता, म्हणजे तो जवळपास वर्षभर इंग्रजांच्या कैदेतच होता. पण त्याची युक्ती कागदावर उलगडली ती या खडूने.

उपाय मग अवघड नव्हता. जहाज उडालं की बाहेर धावायचं नाही. सगळ्या संरक्षक जहाजांनी एकाच वेळी तांड्याकडेच वळायचं, त्याच्या भोवती आणि मागे ठरलेल्या वाटांनी शोध घ्यायचा. नाव ठेवलं 'रॅस्पबेरी'. तोंडाने फुर्र करून कुणाला वाकुल्या दाखवण्याला इंग्रजीत तोच शब्द आहे, आणि ही वाकुली हिटलरला. नाव लेडलॉने सुचवलं म्हणतात. पुढे या खोलीत आठवडाभराचे वर्ग चालले आणि युद्ध संपेपर्यंत जवळजवळ पाच हजार अधिकारी त्या भोकांतून बघून गेले. ॲडमिरल मॅक्स हॉर्टन, जो पहिल्या महायुद्धात स्वतः नावाजलेला पाणबुडीवाला होता, तो एकदा पाणबुडी होऊन खेळला आणि पाचही वेळा हरला, अशी गोष्ट सांगतात. समोर होती जॅनेट ओकेल. हे कळल्यावर तो बराच वैतागला, असंही सांगतात!

मला यातलं भोक फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात नकाशावर सगळी जहाजं आपोआप उमटावीत अशी सोय असते. ती चालू ठेवून खेळणाऱ्याला टॉर्पेडोचं गणित येईल, पण कप्तानाची रात्र कळणार नाही. रॉबर्ट्सने अधिकाऱ्यांना डोकं चालवायला शिकवलं ते आधी त्यांच्या डोळ्यांपुढचं बरंचसं झाकून.

१९४३ च्या सप्टेंबरात जर्मनांनी पंख्याचा आवाज ऐकून त्यामागे वळणारा टॉर्पेडो आणला, तेव्हा त्यावरची चालसुद्धा याच जमिनीवर बसवली गेली. पण सुरुवातीला घातलेलं ते १५ अंशांचं गणित त्या दिवसापासून म्हातारं व्हायला लागलं. टॉर्पेडोलाच कान फुटले म्हटल्यावर नेमाची थोडी चूक तो वाटेत स्वतः दुरुस्त करतो.

आपल्या वाट्याला हा ऐकणारा टॉर्पेडो आला ९ डिसेंबर १९७१ ला. मुंबईहून निघालेल्या खुकरी आणि किरपाण या दोन फ्रिगेट दीवच्या समुद्रात हँगॉर या पाकिस्तानी पाणबुडीचा शोध घेत होत्या. खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवण्याचा एक प्रयोग चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवलेला होता. हँगॉरच्या कप्तानाने आधी पेरिस्कोपमधून पाहायचा प्रयत्न केला. दिवे मालवलेली जहाजं अंधारात दिसेनात. मग तो खोल गेला आणि नुसत्या आवाजावर हल्ला केला. पहिला टॉर्पेडो किरपाणच्या खालून गेला आणि फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडायला तयार झाले नाहीत, हे आपण सगळे वाचत आलो आहोत. तिसरा टॉर्पेडो पुन्हा किरपाणवर सोडला होता. ती पूर्ण वेगाने दूर निघाली आणि वाचली.

दीवला खुकरीचं स्मारक आहे, समुद्राकडे तोंड करून. सौराष्ट्राच्या सहलीला जाणाऱ्यांनी सोमनाथहून थोडी वाकडी वाट करावी. सूर्यास्ताच्या सुमारास गेलात तर बरं, दुपारी तिथे फार तापतं.